वीरगळापासून विद्यापीठापर्यंत : मानवशास्त्र व पुरातत्त्व यांच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करताना

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात किकली नावाचे गाव आहे. तेथील भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांची रांगच्या रांग उभी आहे. तळच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी या दगडांची सर्वसाधारण मांडणी असते. किकलीइतके नसले तरी एखाददुसरा वीरगळ सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी गावांत आढळतो. कोठे तो शेंदूर फासून देव झालेला असतो, कोठे देवळाच्या जीर्णोद्धारात ऑइलपेंटने रंगून निघालेला असतो, तर कोठे ओढ्याकाठी धुण्याचा दगड म्हणून कामास आलेला असतो.

हा वीर कोण, तो कोणत्या काळचा आणि कोणाच्या गाई सोडविताना पडला, हे पुरातत्त्वाचे प्रश्न. गावाने त्याचे नाव विसरून त्याला देव का केले, त्याला नैवेद्य कोणत्या घराने दाखवावयाचा हे कसे ठरले, हे मानवशास्त्राचे प्रश्न. दगड मात्र एकच आहे. असे प्रश्न पडणारी मुले-मुली आपल्या शाळा-महाविद्यालयांत आहेत. परंतु या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज इतर अर्जांहून वेगळा असतो, याची माहिती त्यांना वेळेवर मिळत नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचाच पदवीधर आहे. पदवी हाती पडेपर्यंत ‘मानवशास्त्र’ हा शब्द त्याने वर्गात एकदाही ऐकला नव्हता. आज परिस्थिती थोडी पालटली आहे, पण तिला वळण लागले ते निराळेच. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येत असल्यामुळे गावोगावच्या अभ्यासिकांत मुले मॅलिनॉव्हस्कीच्या टिपणांची पारायणे करताना दिसतात. त्याच विषयात एम.ए., पीएच.डी. होता येते, हे मात्र त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन शास्त्रे, एक घर

महाराष्ट्रात ही दोन शास्त्रे एकाच छपराखाली वाढली. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. इरावती कर्वे हे दोघे तेथे अध्यापक म्हणून आले. सांकलियांनी लंडन येथे डॉक्टरेट मिळविली होती. तेथे शिकत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननावर कामही केले होते. इरावतीबाईंची डॉक्टरेट बर्लिनची. पुढे गुजरातमधील लांघणज येथील अश्मयुगीन स्थळाच्या संशोधनात दोघांनी एकत्र काम केले. मातीतून निघालेली हत्यारे आणि मातीतून निघालेली माणसे यांचा विचार एकत्रच करावा लागतो, ही जाण त्या संस्थेत आरंभापासून होती.

इनामगावचे उत्खनन हे त्या जाणिवेचे उत्तम उदाहरण होय. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. मृत बालके दोन रांजण तोंडाशी तोंड लावून त्यांत पुरलेली आढळली. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांना पुरलेले दिसले. घरांजवळ धान्य साठविण्याच्या बळदा मिळाल्या. यांतील प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावण्यासाठी शरीरमानवशास्त्रज्ञ लागला, वनस्पतीतज्ज्ञ लागला आणि आजच्या खेड्यातील रीतिभाती जाणणारा माणूसही लागला.

आपल्या दोन जिल्ह्यांचा या शास्त्रांशी असलेला संबंध जुना आहे. साताऱ्याच्या रावबहादुर द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात नेण्यात आला व तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा तो पाया ठरला. फलटण व त्याचा परिसर यांवर इरावती कर्वे व ज. स. रानडे यांचा नव्हे, तर कर्वे व रणदिवे यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. ही दुरुस्ती मुद्दाम नोंदविली, कारण अर्जातील संदर्भात ग्रंथकाराचे नाव चुकणे ही अगदी नेहमीची चूक आहे. वाढत्या गावाचे आणि भोवतालच्या खेड्यांचे परस्परसंबंध कसे बदलतात, हा त्या ग्रंथाचा विषय. रहिमतपूरचे मधुसूदन नरहर देशपांडे १९७२ ते १९७८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. अमेरिकेतील बर्कले येथून महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ साली डॉक्टरेट मिळविणाऱ्या गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या रहिवासी झाल्या आणि २०२१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या. पण गावात राहून गाव समजून घेण्याची त्यांची रीत मानवशास्त्राला परकी नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बनात ज्या बिरोबाची यात्रा भरते, त्या बिरोबासह म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन विद्वान गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

बाहेरची माणसे इतक्या दुरून येऊन मराठी शिकली आणि येथील विषयांवर ग्रंथ लिहून गेली. ज्यांच्या घराच्या उंबऱ्यापासून हा विषय सुरू होतो, त्या विद्यार्थ्यांचा अर्ज मात्र पहिल्याच चाळणीत मागे पडतो. त्याची कारणे शोधली तर त्यांत बुद्धीची उणीव क्वचितच आढळते.

आवड आणि प्रश्न

अर्जाचा गाभा म्हणजे हेतुनिवेदन. हा विषय का शिकावयाचा आणि कशाचा शोध घ्यावयाचा, हे त्यात एकदोन पृष्ठांत सांगावयाचे असते. परदेशी विद्यापीठे ते मागतातच, आपल्याकडे पीएच.डी.साठी संशोधन आराखडा मागितला जातो आणि एम.ए.च्या मुलाखतीतही तोच प्रश्न तोंडी विचारला जातो. आपल्या विद्यार्थ्यांची बहुतेक निवेदने ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होतात, पराक्रमाच्या पवित्र भूमीत जन्म घेतल्याच्या अभिमानाने पुढे सरकतात आणि देशसेवेच्या संकल्पाने संपतात. यांतील काहीच खोटे नसते. पण हे वाचून निवड करणाऱ्या अध्यापकाला त्या विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही, कारण आवड सर्वांनाच असते. त्याला हवा असतो तो प्रश्न.

सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे आहेत. कृष्णाकाठच्या मातीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद अशा या खड्ड्यांत हळद दीर्घकाळ सुरक्षित राहते. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा बाहेर पडू द्यावी लागते. २००५ सालच्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. आता समजा, हरिपूरचा एखादा विद्यार्थी पुढीलप्रमाणे लिहितो :

‘आमच्या गावी हळदीची पेवे आहेत. पेव कोठे खणावे, माती कशी ओळखावी आणि ते कसे मिटवावे, हे जाणणारी माणसे आता वयस्क झाली आहेत. इनामगाव येथे धान्य साठविण्याचे खड्डे मिळाले आहेत, असे मी वाचले. रिकामे पडलेले पेव काही वर्षांत कसे ढासळते, त्यात काय साचते आणि उत्खननात ते ओळखावयाचे झाले तर कशावरून ओळखावे, हे मला पाहावयाचे आहे. मी गावातील काही पेवांची मापे घेतली असून जाणत्यांशी बोलून टिपणे केली आहेत.’

या परिच्छेदात एकही भारदस्त शब्द नाही. तरीही विद्यार्थ्याने काय पाहिले, काय वाचले, काय केले आणि त्याला काय कळत नाही, या चारही गोष्टी त्यात आल्या आहेत. जिवंत व्यवहारावरून प्राचीन अवशेषांचा अर्थ लावण्याच्या या पद्धतीस लोकजीवनाधिष्ठित पुरातत्त्व म्हणतात, हे त्याला ठाऊक नसले तरी चालेल. ते शिकविण्यासाठीच विद्यापीठ आहे.

असे विषय वाटेवर पडलेले आहेत. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि ‘करहाकट’ या नावाने कऱ्हाडचा उल्लेख दूर मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत येतो. मिरजेत पिढ्यान्पिढ्या सतार-तंबोरे घडविणारी घराणी आहेत. त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांनी आपले देव नव्या वसाहतीत कसे नेले, हा तर अनेक वृद्धांच्या आठवणीतला विषय आहे. तो लिहून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.

भाषेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी अर्जात आपली भाषा लपवितो. वस्तुतः येथे काम करू पाहणाऱ्या परक्या संशोधकाला जी भाषा वर्षानुवर्षे कष्टाने शिकावी लागते, ती याची मातृभाषा आहे. जत तालुक्यातील विद्यार्थ्याला बहुधा कन्नडही येते. कोणी मोडी शिकलेला असतो. हे सारे अर्जात ठळकपणे यावे. इंग्रजीची अडचण खरीच आहे आणि ती झाकून भागत नाही. पण निवेदन प्रथम मराठीत लिहून, विचार नीट उभा राहिल्यावर शिक्षकांच्या साहाय्याने इंग्रजीत आणले, तर ते उसन्या वाक्यांनी भरत नाही.

शिफारसपत्र

आटपाडीकडील एका धनगर कुटुंबातील मुलीचा अर्ज काही वर्षांपूर्वी पाहण्यात आला. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघणाऱ्या चुलत्याबरोबर ती दोन वर्षे सुटीत चालली होती. मुक्काम कोठे पडतो, कोणत्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसविली, मोबदल्यात धान्य मिळाले की पैसे, याची नोंद तिने शाळेच्या वहीत ठेवली होती. तिच्या अर्जासोबतच्या शिफारसपत्रात तीन वाक्ये होती. ती महाविद्यालयाची नियमित विद्यार्थिनी होती, तिची वर्तणूक चांगली होती आणि तिला भावी आयुष्यासाठी शुभेच्छा. वहीचा उल्लेख नव्हता, कारण पत्र देणाऱ्या गुरुजींना वही कोणी दाखविलीच नव्हती आणि त्यांनीही विचारले नव्हते. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. केवळ पत्रामुळे नाकारले, असे म्हणता येणार नाही. पण वही अर्जाबाहेर राहिली, एवढे खरे.

शिफारसपत्र म्हणजे वर्तणुकीचा दाखला नव्हे. विद्यार्थ्याला आपण किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतो, त्याने कोणते काम आपल्या देखत केले, त्यात अडचण आली तेव्हा तो काय करतो, आपल्या वर्गातील इतरांच्या तुलनेत तो कोठे बसतो, हे त्यात प्रसंगासह यावे. एक खरा प्रसंग दहा विशेषणांहून अधिक काम करतो. परदेशी विद्यापीठे बहुधा अशी तीन पत्रे मागतात आणि ती शिक्षकांनी स्वतः संगणकीय प्रणालीवर परस्पर पाठवावयाची असतात. ‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत सोयीची असली तरी तिने विद्यार्थ्याचे नुकसान होते. तिन्ही पत्रे एकाच हातची आहेत, हे अनुभवी वाचकाच्या सहज ध्यानात येते. विद्यार्थ्याने आपल्या बाजूने किमान महिनाभर आधी निवेदन, गुणपत्रके आणि केलेल्या कामाची टिपणे शिक्षकांकडे द्यावीत. पत्र लिहिणारा प्राध्यापक इतिहासाचाच असला पाहिजे, असे नाही. मराठीचा, भूगोलाचा, अगदी रसायनशास्त्राचाही चालेल. त्याने विद्यार्थ्याचे काम पाहिलेले असावे.

कोठे आणि केव्हा

डेक्कन कॉलेज १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी तेथे कोणत्याही शाखेच्या पदवीधरास अर्ज करता येतो. त्यामुळे विज्ञानाच्या वा कृषीच्या पदवीधरानेही संकोच करू नये. मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. प्रवेशपद्धती, शुल्क व तारखा दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात. गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडा येथील संस्था दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका देते. तिच्यासाठी आधी एम.ए. हवे आणि जागा अगदी मोजक्या असतात.

पीएच.डी.कडे जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, महत्त्वाची आहे. मानवशास्त्र व पुरातत्त्व हे तिच्यातील दोन स्वतंत्र विषय आहेत. जून २०२४ पासून या परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जाऊ लागले. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हा दर २०२३ सालचा. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते.

परदेशाचा विचार करणाऱ्याने एक भेद लक्षात ठेवावा. अमेरिकेत पुरातत्त्व बहुधा मानवशास्त्र विभागाचाच एक भाग असते, ब्रिटनमध्ये त्याचे वेगळे विभाग आहेत. त्यामुळे अमेरिकेत केवळ ‘पुरातत्त्व’ हे नाव शोधणाऱ्यास योग्य विभाग सापडतच नाही. तेथील पीएच.डी.चे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत स्वीकारले जातात व अभ्यासक्रम पुढील ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतो; म्हणजे सिद्धता दीड वर्ष आधी हवी. पीएच.डी.साठी निवड झाल्यास अनेक अमेरिकन विद्यापीठे शुल्क व निर्वाहवेतनाची व्यवस्था करतात. ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम.ए.चा खर्च मात्र बहुधा स्वतःच उभा करावा लागतो. ज्यांच्या हाताखाली काम करावयाचे त्या अध्यापकाचे एखाददुसरे लेखन वाचून त्यांना आधी पत्र पाठवावे. न वाचता शंभर जणांना धाडलेल्या एकसारख्या पत्रास उत्तर येत नाही.

शिष्यवृत्तीबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली बदल होऊन भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे आपल्या गावाच्या वीरगळावर परदेशात प्रबंध लिहू पाहणाऱ्यास त्या योजनेचा आधार नाही. ज्यांच्यासाठी ही योजना आहे, त्याच समाजघटकांतील अभ्यासकांना आपल्या समाजाचा इतिहास अभ्यासावयाचा असतो, हे लक्षात घेता हा बदल जिव्हारी लागणारा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी असून तिचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत. बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या योजनाही पाहाव्यात. उत्पन्नाचा, जातीचा व नॉन-क्रिमिलेअरचा दाखला तहसील कार्यालयातून मिळण्यास लागणारा वेळ गृहीत धरूनच पुढची गणिते मांडावीत.

पालक विचारतात, यात नोकरी आहे काय? आहे, पण विपुल नाही. केंद्राचे व राज्याचे पुरातत्त्व विभाग, संग्रहालये, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, अध्यापन, आणि मानवशास्त्रज्ञांना पुनर्वसन व आरोग्याच्या प्रकल्पांतील काम, एवढी क्षेत्रे सांगता येतील. जागा थोड्या निघतात आणि वाट पाहावी लागते. हे आधीच सांगितलेले बरे.

खणू नये, नोंदवावे

उत्साहाच्या भरात काही विद्यार्थी टेकाडे उकरतात, सापडलेली नाणी घरी ठेवतात आणि अर्जात त्याचा पराक्रम म्हणून उल्लेख करतात. असा उल्लेख अर्जाला मारक ठरतो. उत्खननास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. आणि १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरातन वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. थराबाहेर काढलेली वस्तू अभ्यासकाच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक मुकी झालेली असते. याउलट, वीरगळ जागच्या जागी ठेवून त्याची मापे घेणे, छायाचित्र काढणे, तो कोणत्या दिशेस तोंड करून आहे व पूर्वी कोठे होता हे विचारून लिहिणे, यास परवाना लागत नाही. माणसांविषयी लिहिताना त्यांची संमती घ्यावी आणि त्यांनी नको म्हटलेली गोष्ट लिहू नये, एवढे पथ्य पाळावे.

येथे ग्रामपंचायतीचे साहाय्य मोलाचे ठरते. विद्यार्थी नोंदी करीत असल्याचे सरपंचांना ठाऊक असेल, तर लोक मोकळेपणाने बोलतात. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवून पोच घ्यावी. अर्जासोबत जोडण्यास ती उपयोगी पडते आणि पुढे देवळाचे काम निघाले, तर कोणता दगड कोठे होता हे सांगणारा कागद गावाजवळ राहतो. आटपाडीकडील त्या मुलीने दुसऱ्या वर्षी वहीतील मुक्कामांचा नकाशा काढला. त्याची प्रत तिच्या गावच्या पंचायतीत आहे आणि तिच्या गुरुजींनी लिहिलेले नवे पत्र दीड पृष्ठाचे होते.